नौदलाचं बोधचिन्ह आणि निशाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला 'आयएनएस विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. त्याच कार्यक्रमात नौदलाच्या नव्या निशाणाचं अनावरण झालं. तेव्हापासून या विषयावरचे प्रश्न थांबलेले नाहीत, आणि डिसेंबरात नौदल दिन जवळ आला की ते दुपटीने येतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चिन्हाचा जो अर्थ नौदलाने स्वतः सांगितला आहे तो तसाच दिला आहे. जिथे माझा अंदाज किंवा माझं मत आहे, तिथे तसं लिहिलं आहे. आपल्याकडे या दोन गोष्टींची फार सरमिसळ होते, म्हणून हे आधीच सांगतो.

१. बोधचिन्ह, निशाण, ध्वज, राजमुद्रा... ही सगळी एकाच वस्तूची नावं आहेत का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. बोधचिन्ह म्हणजे नौदलाची ओळख सांगणारं चित्र: सिंह, नांगर आणि बोधवाक्य. ते कागदपत्रांवर, इमारतींवर, मानपत्रांवर असतं. निशाण म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला, म्हणजे वरामावर, फडकणारं कापड. हे जहाज नौदलाचं आहे, हे त्यावरून कळतं. बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकेच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, आपला तिरंगा असतो. राष्ट्रपतींनी नौदलाला दिलेला सन्मानाचा ध्वज ही चौथी गोष्ट, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

'राजमुद्रा' या शब्दाने तर मराठीत दुहेरी घोळ होतो. सिंहांच्या राष्ट्रीय चिन्हालाही आपण राजमुद्रा म्हणतो आणि शिवाजी महाराजांच्या शिक्क्यालाही. नव्या निशाणात दोन्ही आहेत, सिंह आतमध्ये आणि महाराजांच्या मुद्रेची आठवण भोवतीच्या चौकटीत. म्हणून या पानावर सिंहांना 'राष्ट्रीय चिन्ह' म्हटलं आहे आणि 'राजमुद्रा' हा शब्द महाराजांच्या मुद्रेसाठी राखून ठेवला आहे.

२. नव्या निशाणावर नेमकं काय काय आहे?

पांढऱ्या कापडावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात तिरंगा. उजव्या बाजूला गडद निळा अष्टकोन, त्याला दोन सोनेरी कडा. अष्टकोनाच्या आत ढाल. ढालीवर सोनेरी राष्ट्रीय चिन्ह, त्याखाली निळ्या देवनागरीत 'सत्यमेव जयते', आणि हे सारं एका नांगरावर उभं. ढालीखाली सोनेरी काठाची फीत, तीवर 'शं नो वरुणः'.

आतलं चित्र नौदलाच्या बोधचिन्हातूनच आलेलं आहे. बदलला तो नांगर (प्रश्न ५). अष्टकोन आणि त्याच्या दुहेरी कडा नव्या (प्रश्न ६).

३. 'शं नो वरुणः' याचा अर्थ काय? हे कुठून आलं?

शब्दशः अर्थ: वरुण आमचं कल्याण करो, आम्हांला सुखकर होवो. 'शं' म्हणजे कल्याण, मंगल. 'शंकर' या नावात हाच 'शं' आहे, कल्याण करणारा तो शंकर. 'नः' म्हणजे आम्हांला. पुढे 'व' आल्यामुळे संधी होऊन 'नः'चा 'नो' झाला.

मूळ मंत्र ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीची सुरुवातही त्यानेच होते: 'शं नो मित्रः शं वरुणः। शं नो भवत्वर्यमा।' नीट वाचलंत तर मूळ ओळीत 'शं वरुणः' एवढंच आहे, 'नो' मित्राच्या आधी आलेला आहे. तो शब्द वरुणाला जोडला की तीन शब्दांचं पूर्ण वाक्य होतं. अर्थ तोच राहतो. हे बोधवाक्य चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी सुचवलं.

मला या वाक्याचं फार अप्रूप वाटतं ते एका गोष्टीसाठी. तोफा आणि क्षेपणास्त्रं बाळगणाऱ्या दलाचं हे वाक्य आहे, पण त्यात शत्रूचं नाव नाही, विजयाची घोषणाही नाही. आपल्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना म्हातारी माणसं जे मागतात, जवळपास तेच इथे मागितलं आहे.

४. 'शनो वरूण', 'शन्नो वरुणा', 'शं नो वरुण:' यांपैकी बरोबर कुठलं?

एकही नाही. बरोबर रूप 'शं नो वरुणः'. 'रु' ऱ्हस्व. तीन शब्द सुटे. आणि शेवटी विसर्ग.

विसर्गाची जागा हल्ली बहुतेक ठिकाणी अपूर्णविराम घेतो. टंकताना विसर्गाची कळ सापडत नाही, म्हणून इंग्रजी कीबोर्डावरचे दोन ठिपके दिले जातात. छोट्या अक्षरात ते खपून जातं. पण एका कार्यक्रमाच्या कमानीवर मी हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत पाहिलं होतं. 'ण' आणि ठिपक्यांमध्ये बोटभर फट, आणि ठिपके चौकोनी. बोधवाक्य छापायला देण्याआधी शेवटचं अक्षर मोठं करून बघा, दोन सेकंदांचं काम आहे. उच्चार करताना शेवटी हलका 'ह' येतो: 'वरुणह'. 'वरुणा' म्हटलं तर मराठीत ती हाक होते, म्हणजे व्याकरण बदलतं.

५. पूर्वी नांगराला दोर गुंडाळलेला असायचा. तो का काढला?

माझ्याकडे एका निवृत्त नौसैनिक काकांनी दिलेलं गणवेशाचं जुनं बटण आहे. पितळ झिजलंय, पण नखाने चाचपलं तरी नांगराच्या दांडीभोवती नागमोडी गेलेला दोर हाताला लागतो. लहानपणी मला ती नुसती नक्षी वाटायची.

तो गुंतलेला नांगर आहे. जहाज नांगरून उभं असताना भरती-ओहोटीने वा वाऱ्याने गोल फिरतं, आणि कधी दोर किंवा साखळी नांगराच्याच फाळाला वेढा घालते. मग नांगराची तळावरची पकड सुटते, जहाज वाहू लागतं, नांगर वर ओढायलाही जड जातो. कुठल्याही तांडेलाला ही डोकेदुखीच. तरीही चित्रात दोर छान दिसतो म्हणून असेल, सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या नौदलप्रमुखाच्या शिक्क्यावर हा नांगर आला, आणि तिथून ब्रिटिश नौदलाच्या बटणांवर, टोप्यांवर, झेंड्यांवर पसरला. आपल्याकडे तो त्याच वाटेने आला. १९५० मध्ये बोधचिन्हातला ब्रिटिश मुकुट जाऊन सिंह आले, पण खालचा नांगर दोरासकट राहिला.

२०२२ मध्ये तो मोकळा नांगर झाला. नौदलाने दोन कारणं सांगितली: गुंतलेला नांगर वसाहतकाळाचा वारसा आहे, आणि मोकळा नांगर स्थैर्य दाखवतो. माझ्या मते दुसरं कारण जास्त वजनदार आहे. जो नांगर पकड धरू शकत नाही तो दलाच्या छातीवर का असावा, या प्रश्नाला परंपरेपलीकडे काही उत्तर नव्हतं.

६. अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला, हे खरं आहे की फक्त व्हॉट्सॲपवर फिरतंय?

खरं आहे. दुहेरी सोनेरी अष्टकोनी कडांची प्रेरणा महाराजांची राजमुद्रा आहे, हे नौदलाने अनावरणाच्या वेळीच जाहीर केलं. महाराजांनी साठ लढाऊ जहाजं आणि सुमारे पाच हजार माणसांचं आरमार उभारलं, याचा उल्लेखही त्याच निवेदनात होता.

अष्टकोनाचा दुसरा अधिकृत अर्थ आठ दिशा: नौदल सर्व दिशांना पोहोचू शकतं. आठ दिशांचे आठ दिक्पाल आपण लहानपणी पाठ केलेले असतात. त्यांत पश्चिमेचा दिक्पाल वरुण. म्हणजे चौकटीतल्या एका दिशेचा स्वामी खालच्या फितीवर नावानिशी हजर आहे, आणि आपल्या कोकणचा समुद्र नेमका पश्चिमेलाच. ही जुळणी मला दिसली ती मी सांगतो आहे, अधिकृत अर्थात ती नाही, हे लक्षात ठेवा.

मुद्रेवरचा मजकूर मात्र निशाणावर नाही. तो असा: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता। शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते।।' प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंद्य असलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे. यातलं 'भद्राय' आणि बोधवाक्यातलं 'शं' शेजारी ठेवून वाचा. दोन्ही शब्द कल्याणाचेच.

७. म्हणजे महाराजांच्या आरमारावर असंच निशाण होतं?

नाही. हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. महाराजांचं निशाण भगवं. अष्टकोनी मुद्रा पत्रांच्या माथ्यावर उमटायची, शिडाच्या काठीवर नव्हे. नव्या निशाणाने घेतला तो मुद्रेचा आकार. 'शिवकालीन आरमाराचा ध्वज परत आला' असं लिहिलेली चित्रं पुढे पाठवू नका. महाराजांचं सागरी कर्तृत्व मोठं दाखवायला खोट्या आधाराची गरज नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तो किल्ला आजही लाटा झेलत उभा आहे. जाऊन बघा.

८. लाल क्रॉस कधी गेला? कोणी २००१ म्हणतं, कोणी २०२२.

दोघांचंही बरोबर, कारण तो दोनदा गेला.

तो सेंट जॉर्जचा क्रॉस, इंग्लंडचं चिन्ह. २६ जानेवारी १९५० ला 'रॉयल इंडियन नेव्ही'मधलं 'रॉयल' गेलं आणि निशाणाच्या कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिरंगा आला. क्रॉस मात्र तसाच राहिला, पुढची एक्कावन्न वर्षं. १५ ऑगस्ट २००१ ला तो काढून पांढऱ्यावर नौदलाचं निळं बोधचिन्ह ठेवलं गेलं. आणि मग समुद्राने स्वतःचं मत दिलं: लांबून ते निळं चिन्ह आकाशात नि पाण्यात मिसळून जायचं, ओळखू यायचं नाही. २५ एप्रिल २००४ ला क्रॉस परतला, या वेळी मधोमध सोनेरी सिंहांसह. २०१४ मध्ये सिंहांखाली 'सत्यमेव जयते' आलं. २ सप्टेंबर २०२२ ला क्रॉस पुन्हा गेला.

२००१चा अनुभव मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. निशाण हे आधी ओळखायचं साधन आहे. मैलभर अंतरावरून, धुक्यात, हलत्या डेकवरून कुणीतरी दुर्बिणीतून बघणार असतं. २०२२च्या निशाणावरही रंग निळाच आहे, पण तो सलग भरलेला गडद निळा, भोवती सोनेरी कड आणि मागे पांढरं. रेषांचं नाजूक निळं चित्र आणि हा निळा डाग, दोन्ही घरच्या भिंतीला लावून दहा पावलं मागे जा, फरक कळेल.

९. आजोबांचा जहाजावरचा फोटो आहे. निशाणावरून तो कधीचा हे कळेल का?

साधारण कळेल. कोपऱ्यात युनियन जॅक असेल तर १९५० पूर्वीचा. तिरंगा आणि साधा लाल क्रॉस, मध्ये काही नाही: १९५० ते २००१. क्रॉस नाही, निळं बोधचिन्ह: २००१ ते २००४. क्रॉसच्या मध्यावर सिंह: २००४ ते २०२२, आणि सिंहांखाली अक्षरं असतील तर २०१४ नंतरचा. कृष्णधवल फोटोत लाल क्रॉस गडद करडा दिसतो, त्याने फसू नका.

याच हिशेबाने प्रतिकृतीतल्या चुकाही सापडतात. जुनी 'विक्रांत' १९६१ ते १९९७ सेवेत होती, त्यामुळे तिच्यावर कायम साधा क्रॉसच होता. तिच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर क्रॉसमध्ये सिंह दिसले तर बनवणाऱ्याने काळ चुकवला. १९७१च्या युद्धाच्या चित्रांतही ही चूक सर्रास असते.

१०. राष्ट्रपतींचा ध्वज म्हणजे काय? तोही बदलला का?

तो दलाला मिळालेला सन्मान आहे, संचलनात मिरवला जातो, जहाजावर रोज फडकत नाही. नौदलाला तो डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते २७ मे १९५१ रोजी मिळाला, तिन्ही दलांत सर्वांत आधी. २०२२ मध्ये त्याचीही रचना बदलली: तिरंगा, सोनेरी राष्ट्रीय चिन्ह, आणि त्याखाली निळा-सोनेरी अष्टकोन, ज्यात मोकळा नांगर आहे.

११. ॲडमिरलच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरही अष्टकोन आहे म्हणतात?

हो. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, तिथे घोषणा झाली आणि त्या महिनाअखेरीस नवी रचना दाखवली गेली. सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. दुर्बिणीचा अर्थ दूरदृष्टी. हे ॲडमिरल श्रेणीच्या अधिकाऱ्यांपुरतं आहे.

१२. तटरक्षक दलाचं चिन्ह वेगळं का? ते नौदलाचाच भाग ना?

भाग नाही. संरक्षण मंत्रालयाखालचं ते स्वतंत्र दल आहे. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते हंगामी स्वरूपात सुरू झालं, तेव्हा नौदलाने दोन फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका दिल्या होत्या. १९७८च्या कायद्याने त्याला कायमचं रूप मिळालं. त्याचं निशाण निळं, कोपऱ्यात तिरंगा आणि उजवीकडे दलाचं चिन्ह.

बोधवाक्य 'वयं रक्षामः', आम्ही रक्षण करतो. नौदलाचं वाक्य प्रार्थना आहे, हे वचन आहे. वादळात सापडलेल्या मच्छीमाराला दुसरं जास्त जवळचं वाटेल.

'रक्षामः' या शब्दाची एक जुनी गोष्ट आहे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव आधी पाणी निर्माण करतो आणि मग त्या पाण्याच्या रक्षणासाठी प्राणी. ज्यांनी 'रक्षामः' म्हटलं ते राक्षस झाले, ज्यांनी 'यक्षामः' म्हटलं ते यक्ष. यावरून काहीजण विचारतात की मग हे वाक्य अशुभ नाही का. अजिबात नाही. त्या कथेत पाणी राखायचं काम अंगावर घेणाऱ्यांचं ते उत्तर आहे, आणि किनारा राखणाऱ्या दलाला याहून चपखल क्रियापद संस्कृतात शोधून सापडणार नाही.

१३. मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या टोपीवरही नांगर आहे, मग त्याला नौदलाचं बोधचिन्ह वापरता येईल का?

येणार नाही. नांगर दर्यावर्दींचा सगळीकडचा, पण बोधचिन्ह दलाचं. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजवाहतूक, सैन्यदल नव्हे. भारतीय व्यापारी जहाजाचं निशाण लाल असतं, कोपऱ्यात तिरंगा. लाल व्यापारी, निळं सरकारी आणि पांढरं नौदलाचं ही विभागणी ब्रिटिशांनी १८६४ मध्ये केली. क्रॉस गेला तरी आपल्या निशाणाचं पांढरं कापड त्याच विभागणीतलं आहे.

१४. प्रत्येक जहाजाचं स्वतःचं चिन्ह असतं का?

असतं, आणि बहुधा स्वतःचं बोधवाक्यही. 'विक्रांत'चं 'जयेम सं युधि स्पृधः', ऋग्वेदातलं: युद्धात आम्ही प्रतिस्पर्ध्यांना जिंकू. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त नौदलाचे अभियंते घडतात, तिचं वाक्य 'कर्मसु कौशलम्'. ती जमिनीवरची संस्था असूनही नावाआधी 'आयएनएस' (भारतीय नौदलाचं जहाज) आहे, कारण नौदल आपल्या किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजाप्रमाणेच नाव देतं.

१५. आमच्या मंडळाला टी-शर्टवर नौदलाचं चिन्ह छापायचंय. चालेल का?

नको. त्यात राष्ट्रीय चिन्ह आहे, आणि त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा केंद्रीय कायदा आहे. परवानगीविना वापरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धंद्यासाठी, बोधचिन्ह किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरणंही त्यात येतं. 'आम्ही प्रेमापोटी छापतोय' हे मी समजू शकतो, कायदा ते बघत नाही. त्याऐवजी मराठा आरमारातल्या शिडाच्या नौकांपैकी एखाद्या गुराबेचं किंवा गलबताचं चित्र घ्या. फार सुंदर दिसतात, आणि कुणाला माहीतही नसतात.

१६. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी चिन्ह काढायचंय. तेही चालणार नाही का?

ते चालतं. राष्ट्रीय चिन्हाची माहिती समजावण्यासाठी पुस्तकात किंवा नियतकालिकाच्या आतल्या पानांवर ते देता येतं. मुखपृष्ठावर मात्र नको, सरकारी प्रकाशन असल्याचा भास होतो. वहीच्या पहिल्या पानाऐवजी आतल्या पानावर काढू दे.

काढताना तीन जागी मुलं हमखास अडखळतात. सिंह चार आहेत, पाठीला पाठ लावून, म्हणून समोरून तीनच दिसतात. सारनाथच्या मूळ स्तंभात त्यांच्या डोक्यावर मोठं धर्मचक्र होतं, राष्ट्रीय चिन्हात ते नाही, चक्र आहे ते खालच्या पट्टीत मधोमध, उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा. आणि 'सत्यमेव जयते' विसरू नका, त्याशिवाय राष्ट्रीय चिन्ह अपुरं. हे वाक्य मुण्डकोपनिषदातलं. नौदलाच्या निशाणावरही ते यायला २०१४ उजाडलं होतं.

अष्टकोन काढायची सोपी युक्ती: आधी चौरस काढा, दोन्ही कर्ण आखा, कंपासात अर्ध्या कर्णाएवढं अंतर घ्या. चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यावर टोक ठेवून शेजारच्या दोन बाजूंवर खूण करा. आठ खुणा मिळतील, त्या क्रमाने जोडा. दुसरा, थोडा लहान चौरस आत घेऊन हेच केलं की दुहेरी कड तयार. नांगर सर्वांत शेवटी, आणि त्याला दोर गुंडाळायचा नाही.